मोरिवलीच्या देवाचं वय

मिरजेहून निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, फॉइलची गुंडाळी आणि रबरी हातमोज्यांचा एक जोड होता. हातमोजे पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं, कुणाचं आजारपण आहे का? मी म्हटलं, नाही हो, एका देवाचं वय काढायला चालले आहे. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि जपून जा म्हणाल्या.

हे काम माझ्या गळ्यात मारलं माझ्या भाचीने, मृदुलाने. ती दूरच्या एका शहरात प्रयोगशाळेत आहे आणि जुन्या लाकडांची, हाडांची वयं मोजते. अंबरनाथजवळच्या मोरिवली गावातून भालचंद्र म्हात्रे नावाच्या गृहस्थांचं तिला पत्र आलं होतं. गावाच्या वेशीवर लाकडी खांबाच्या रूपातला एक देव आहे. औद्योगिक वसाहतीचा रस्ता रुंद व्हायचा आहे आणि तो देव नेमका रस्त्यात येतो. वसाहतीच्या कचेरीचं म्हणणं असं, की देवस्थान वसाहतीच्या आधीचं असल्याचा पुरावा दिलात तर रस्ता थोडा वळवू, नाहीतर ते उचलावं लागेल. पुरावा म्हणून गावाकडे आजोबा-पणजोबांच्या गोष्टी होत्या, कागद एकही नव्हता. मृदुलाला रजा नव्हती. मी बदलापूरला मैत्रिणीकडे, शैलाकडे, जाणार होतेच. "मावशी, तू फक्त एक ढलपी आणायचीस," ती म्हणाली. मी तीस वर्षं चौथीच्या पोरांना शिकवलं आहे. सोपं काम आहे असं कोणी म्हटलं की मला आधी शंका येते.

प्रवासात तिने फोनवर मला शास्त्र समजावलं. अंतराळातून फार वेगवान कण सतत पृथ्वीवर येत असतात. ते वर हवेतल्या अणूंवर आदळतात आणि त्यांचे तुकडे उडवतात. कॅरमचा स्ट्रायकर बसला की सोंगट्या कशा फुटतात, तसं. उडालेल्या तुकड्यांमधला एखादा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूत घुसतो, आणि नायट्रोजनचा कार्बन होतो.

"थांब," मी म्हटलं. "नायट्रोजनचा कार्बन कसा होईल? आम्ही तर मूलद्रव्यं बदलत नाहीत असं शिकवत होतो."

"तुम्ही चुकीचं शिकवत होतात, मावशी."

हा कार्बन साधा नसतो, किरणोत्सारी असतो. तो हवेतून झाडात जातो, झाडातून गाईत, गाईतून आपल्यात. जिवंत असेपर्यंत आपल्यात त्याची भर पडत राहते. मेलं की भर थांबते आणि असलेला हळूहळू कमी होतो. पावणेसहा हजार वर्षांनी निम्मा उरतो. किती उरला ते मोजलं की कधी मेलं ते कळतं.

"म्हणजे माझ्यातही आहे तो?"

"भरपूर."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. मला त्यात काही दिसलं नाही. समोर बसलेल्या गृहस्थांनी मला पाणी हवं का विचारलं.

ते मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. बदलापूरला शैलाच्या गच्चीवरून डोंगरांची रांग दिसत होती, आणि डोंगर आणि गच्ची यांच्यामध्ये मावतील तेवढ्या इमारती उभ्या होत्या. शैलाने बाजारातून पानाच्या द्रोणात जांभळं आणली. ती खाता खाता मी तिला अंतराळातल्या कणांचं सगळं सांगितलं, आणि तिने दोन प्रश्न विचारल्यावर लक्षात आलं की मला काहीच कळलेलं नाही. ती म्हणाली, "कण रोज पडतात ना? मग नवीन कार्बन वाढतच जाईल की." मी म्हटलं, वाढतो तसा संपतोही. "मग मोजणार काय?" जिभा जांभळ्या झाल्या तरी उत्तर काही मिळालं नाही.

मृदुलाने सांगितलं होतं की लाकूड शक्यतो आतून घ्यायचं, त्यासाठी गिरमिट लागेल. गिरमिट म्हणजे सुताराचं हाताने फिरवायचं भोक पाडण्याचं अवजार. शैला म्हणाली, उल्हासनगरला सगळं मिळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅम्प चारमध्ये उतरले आणि तासभर चुकत राहिले. एका गल्लीत शिवणयंत्रं, पुढच्या गल्लीत खुर्च्यांचे सांगाडे, तिसरीत पुन्हा शिवणयंत्रं. वाटेत दाल पकवान खाल्लं (पकवान म्हणजे मैद्याची मोठी कडक पुरी, वर हरभऱ्याची डाळ आणि चटणी). ते खाल्ल्यावर स्वभाव जरा निवळला. शेवटी एका फर्निचरच्या कारखान्यातल्या वयस्क कारागिराने फळीवरून गिरमिट काढून दिलं.

"ताई, ये अब कोण वापरतो? ड्रिल मशीन घ्या ना. दो मिनिट का काम."

"देवाला भोक पाडायचं आहे," मी म्हटलं.

"भगवान को?" मग त्याने गिरमिटाला स्वतःच तेलाचा हात फिरवला, स्वच्छ पुसलं, आणि कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. देवाचं काम म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

मोरिवलीत रिक्षावाल्याने मला आधी एका कारखान्याच्या फाटकाशी उतरवलं. तिथल्या पहारेकऱ्याने देव या कारखान्यात नाही असं गंभीरपणे सांगितलं. मग भालचंद्रराव स्कूटरवरून मला शोधत आले. साठीकडे झुकलेले, सडपातळ, निवृत्त फिटर. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, इथे सगळे चुकतात. गाव कुठं संपतं आणि एरिया कुठं सुरू होतो, आम्हालाच कळत नाय."

देव पत्र्याच्या छपराखाली होता. माझ्या खांद्याएवढा उंच खांब, डोळ्यांच्या जागी चांदीचे दोन ठिपके, आणि अंग काळंभोर, चकचकीत. दिव्यांची काजळी आणि पिढ्यांचे हात लागून तसा झाला असावा असं मला वाटलं, आणि मन खरंच भरून आलं. मग मी पिशवीतून गिरमिट काढलं. जमलेली मंडळी एक पाऊल मागे सरली.

"लोखंड नाय," मागून आवाज आला. बोलणाऱ्या बाई भालचंद्ररावांच्या आई, चांगुणाबाई. ऐंशीच्या आसपासच्या, कमरेत वाकलेल्या, हिरवं लुगडं घट्ट नेसलेल्या. देवाची रोजची दिवाबत्ती त्यांच्याकडे. "देवाच्या अंगात लोखंड घालाचा नाय, बाय. पायाशी फाटलाय तो, तिथून हातानं सुटंल तेवरा घ्या."

गिरमिट पिशवीत परत गेलं. मी हातमोजे घातले, पायाशी सुटलेली बोटभर ढलपी अलगद काढली आणि फॉइलमध्ये गुंडाळली. मग मृदुलाने पाठवलेला तक्ता भरायला बसले. त्यात एक प्रश्न होता, लाकडाला रंग, रोगण, वाळवीचं औषध असं काही लावलं आहे का? मी तो मोठ्याने वाचला. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. चांगुणाबाईंनीही. मी 'नाही' असं लिहिलं.

त्या दुपारी त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवले. चांगुणाबाई मला वाढत होत्या आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "तुमचं मशीन वय बरोबर सांगंल ना?" मी छातीठोकपणे हो म्हटलं. आता आठवलं की मला माझाच राग येतो.

अहवाल यायला चार महिने लागले. मृदुलाने तो मला पाठवला, मी भालचंद्ररावांना फोनवर वाचून दाखवला. वय चौदाशे वर्षं, थोडं इकडे-तिकडे. मग ते ओरडलेच. "मॅडम! आमच्या शिवमंदिरापेक्षा म्हातारा!" अंबरनाथचं शिवमंदिर हजारेक वर्षांचं मानतात. त्यांनी मला खंडेनवमीला यायचंच असा आग्रह धरला. त्या दिवशी गाव देवाशी जमतं, तेव्हा कागद सगळ्यांसमोर वाचायचा आणि दसरा झाला की कचेरीत द्यायचा. मृदुला मात्र फोनवर कुरकुरत होती. "मावशी, आपल्याकडच्या पावसात, वाळवीत लाकूड चौदाशे वर्षं टिकतं?" मी म्हटलं, कण तुझे, मशीन तुझं, मला काय विचारतेस?

खंडेनवमीला सकाळी मी वाटेत शिवमंदिर पाहिलं. काळ्या दगडावर इतकं कोरीव काम आहे की कुठून पाहायला सुरुवात करावी हेच कळेना. शेजारून वालधुनी नदी वाहते, तिच्याकडे पाहू नये आणि नाकाने श्वास घेऊ नये. मी गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरले, नमस्कार केला आणि मनात म्हटलं, तुमच्यापेक्षा चारशे वर्षांनी मोठा देव आहे शेजारी, माहीत होतं का तुम्हाला? जरा मिजास चढली होती हे कबूल करते.

मोरिवलीत सगळीकडे झेंडूची तोरणं होती. छपराला नवा फलक लागला होता, त्यावर 'चौदाशे वर्षांचे जागृत देवस्थान' असं लिहिलेलं. कारखान्यांमधली यंत्रांची पूजा आटोपून माणसं येऊ लागली. प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. कुणाकडे बाटलीचं झाकण, कुणाकडे वाटी, एकाकडे चहाचा कागदी पेला. त्यात काळपट, दाट काहीतरी होतं. ते रांगेने पुढे येत, दोन बोटं त्यात बुडवत, देवाच्या अंगाला लावत, आणि मग तीच बोटं स्वतःच्या मनगटांना लावत.

"हे काय आहे?" मी भालचंद्ररावांना विचारलं.

"तेल. आपापल्या मशीनमधलं." त्यांच्याही हातात झाकण होतं, शेजारच्या कारखान्यातून पुतण्याने आणलेलं. "मशीननं हात खाऊ नये म्हणून. कारखाने आले तेव्हापासून करतात. वर्षातून एकदा."

मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. मी छपराबाहेर जाऊन मृदुलाला फोन लावला आणि जे दिसत होतं ते जसंच्या तसं सांगितलं.

"मावशी, यंत्राचं तेल कशापासून बनतं?"

"पेट्रोलसारखंच ना काहीतरी?"

"जमिनीतून निघतं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेलं. त्यात आकाशातून आलेला तो कार्बन कधीच संपून गेलेला असतो, एक कणही उरत नाही. ते लाकडात मुरलं की मोजताना कार्बन कमी भरतो. आणि कमी भरला की आम्ही म्हणतो, जुनं आहे."

"म्हणजे ते चौदाशे..."

"चौदाशे तेलाचे आहेत. लाकडाचं वय काहीही असू शकतं. तू तर लिहिलं होतंस, काही लावलेलं नाही." मग तिचा आवाज मऊ झाला. "उरलेला तुकडा आहे माझ्याकडे. तेल धुऊन काढते आणि पुन्हा मोजते. पण तो कागद नको देऊ, मावशी."

मी परत आत आले. नवी वस्तू जुनी दिसते, कारण तिच्यावर फार जुनी वस्तू लावली आहे, आणि जुनी वस्तू कालच यंत्रातून काढली आहे. मी चांगुणाबाईंना जवळजवळ दरडावूनच विचारलं, "आजी, मी मे महिन्यात विचारलं होतं ना, लाकडाला काही लावता का?"

"तुमी लाकराचा इचारला, बाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "लाकराला काय लावला नाय. तेल तं देवाला लावतात."

मी गावासमोर उभी राहिले आणि कागद न वाचता, मला जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. वरून येणारे कण, झाड, मेल्यावर थांबणारी भर, जमिनीतलं तेल. कण सांगताना दोनदा चुकले. शेवटी म्हटलं, हे मशीन देवाचं वय काढत नाही, फक्त या लाकडाचं काढतं, झाड कधी तोडलं एवढंच. आणि तेही आत्ता चुकलेलं आहे.

कुणीतरी मागून म्हणालं, "पण शिक्का तर आहे ना कागदावर? ऑफिसवाल्याला काय समजणार? दे दो यार, रास्ता वळेल." बऱ्याच माना होकारार्थी हलल्या. भालचंद्रराव माझ्याकडे पाहत होते, कागद माझ्याच हातात होता. मी खोटं कशाला बोलू, मलाही तो देऊन टाकावासा वाटला. त्या फलकाकडे पाहून तर फारच वाटला.

"फक्त लाकराचा वय?" चांगुणाबाईंनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

त्या पुढे आल्या आणि खांबाला एक हात टेकून उभ्या राहिल्या. "मंग ऐका. ह्यो खांब माझ्या मालकानं उभा केलाय. माझ्या लग्नाला आठ दिस झालं व्हतं. त्याच्या आदी कारखान्याचं कुंपन आला, पयला देव कुंपनाच्या आत गेला. कुनाला आत सोरत नव्हतं. गावात दोन पावसाळं देव नव्हता. मंग माझ्या बापसानं वांगनीचा शिवनीचा झार दिला, मालकानं तासला, आनि इकरं बसवला. मना वाटला तुमचा मशीन देव मोजतं. चौदाशे आयलं, मी बोल्ली, आसंल, देव आसंल तेवरा म्हातारा." त्यांनी खांबावरून हात फिरवला. "लाकूर माझ्या संसाराएवरा हाय."

बाकीचे सगळे तेव्हा लहान होते किंवा जन्मलेच नव्हते. त्यांनी देव पाहिला तो इथेच.

"आई, हे आत्ता सांगतेस?" भालचंद्ररावांचा आवाज फाटला. तीन वर्षं ते या कामासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते.

"कदी इचारलास?" त्या म्हणाल्या. "कागद देयाचा नाय, बाला. देवाच्या नावावर खोटा वय लावाचा नाय. रस्ता येतोय तं येऊ दे. आपलं आंगन हाय ना."

ऐंशीच्या घरातल्या त्या बाई एका वाक्यात देवाची जागा सोडून मोकळ्या झाल्या आणि मग रांगेतल्या उरलेल्या माणसांना म्हणाल्या, चला, तेल लावा, थांबलात कशाला. मला रडू आलं. कशाचं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. भालचंद्ररावांनी स्टुलावर चढून फलक स्वतःच्या हाताने उतरवला आणि उलटा करून भिंतीला टेकवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वांगणीला नेलं. आताच्या खांबाचं पोट पोकळ झालंय, तो हलवला तर टिकणार नाही, म्हणून अंगणातल्या देवासाठी नवं झाड पाहायचं होतं. चांगुणाबाईंच्या माहेरचं शेत अजून आहे. एका बाजूला शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांचं कुंपण, दुसऱ्या बाजूला इमारतीचा पाया, मध्ये कापणीला आलेला भात. बांधावर शिवणीची तीन झाडं. चांगुणाबाईंनी तिन्हींना हात लावून पाहिला आणि मधल्याला दोरा बांधला. परवानगी मिळाली की तोडायचं ठरलं.

"इचारा तुमच्या भाचीला, ह्याचा वय आत्ता किती?"

मी फोन लावला. मृदुला म्हणाली, सालीखालचं लाकूड आजचं, म्हणजे शून्य, आतलं प्रत्येक कडं त्या त्या वर्षाचं. म्हणजे एकाच झाडाची पन्नास वयं, आणि त्यातलं एकही झाड तोडल्याशिवाय कळायचं नाही. मी हे चांगुणाबाईंना सांगितलं आणि मलाच हसू आलं. त्याही हसल्या.

मग मी माझा मास्तरी सल्ला दिलाच. म्हटलं, आजी, आता नवा खांब बसवाल तेव्हा त्याला यंत्राचं तेल लावू नका. खोबरेल लावा, तीळतेल लावा. म्हणजे पुढे कधी कुणी मोजलं तर वय बरोबर येईल.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "माझ्या मालकाची उजव्या हाताची तीन बोटं गेली प्रेसमदी. त्या साली तेल लावाचा राहून गेलता. देवाचा वय चुकला तं देव रागवाचा नाय, बाय. बोटं कुठून आननार?"

मी मिरजेला परत आले त्याला महिना झाला. मृदुलाने उरलेला तुकडा धुऊन पुन्हा मोजला, आणि आकडा चांगुणाबाईंच्या लग्नाच्या आसपासच आला. मी फोन करून सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मंग, मना काय येरी समाजलावता?" म्हणजे, मला काय वेडी समजलात? नायट्रोजनचा कार्बन कसा होतो हे मला अजूनही पटत नाही, मृदुलाने चित्रं काढून पाठवली तरी. जेवताना कधी कधी भाताच्या घासाकडे पाहते आणि हात थांबतो, एवढंच.

पण बांधावर बसून त्या दिवशी चांगुणाबाईंनी मला आणखी एक काम सांगितलं. पहिला देव जिथे होता ती जागा त्यांच्याशिवाय आता कुणाला माहीत नाही, आणि तिचं वय काढायला तिथे लाकडाचा तुकडाही उरलेला नाही. "तुमी लिव्हता ना? मंग लिव्हा," त्या म्हणाल्या. म्हणून लिहून ठेवते. मोरिवलीचा पहिला देव कारखान्याच्या कुंपणाच्या आत होता, आता जिथे पाण्याची उंच टाकी आहे तिच्या पूर्वेला वीस पावलांवर. तिथे एक चिंच होती आणि चिंचेखाली बायका भात झोडायच्या. नवी नवरी म्हणून चांगुणाबाईंना सासूने हळदीच्या पायांनी तिथे नेलं. देव आत राहिला होता, म्हणून त्यांनी कुंपणाच्या तारेतून हात घालून बाहेरूनच नमस्कार केला.